मुलांमधली मज्जारज्जूची इजा: एका वडिलांच्या प्रश्नांना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. ६ वर्षांची मुलगी ८ महिन्यांपूर्वी गच्चीवरून पडली. पडल्यावर उठली, जिना चढून वर आली, जेवली. रात्री पाठ दुखते म्हणाली, म्हणून आजीनं तेल लावून चोळलं. सकाळी पाय उचलेनात. एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्ये हाड मोडलेलं नव्हतं, एमआरआयमध्ये डी-४च्या, म्हणजे छातीच्या चौथ्या मणक्याच्या, पातळीवर मज्जारज्जूला इजा दिसली. कागदावर ‘कंप्लीट, एशिया ए’ असं लिहिलं आहे, म्हणजे इजा पूर्ण, खालच्या टोकापर्यंत ना जाणीव, ना हालचाल. वडील विचारतात: चोळल्यामुळे झालं का? स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं नाही, ती चूक झाली का? पुढे काय काय बिघडू शकतं? एका ठिकाणी स्टेम सेलची, म्हणजे मूळ पेशींची, ४ इंजेक्शनं सांगितली आहेत, प्रत्येकी दीड लाख. जमीन विकून द्यावीत का? आणि शेवटी, ‘ती रोज विचारते, मी कधी चालणार. काय सांगू?’

मी गेली २२ वर्षं पुनर्वसनाचं काम करतो आहे आणि त्यातली बरीचशी मुलांबरोबर गेली. आधी आजीला निरोप द्या: तेल चोळल्यानं हे झालेलं नाही. तिच्या मनातून हे काढून टाका, कारण या मुलीला उचलायला, धुवायला, भरवायला आजीचेच हात लागणार आहेत आणि ते हात घाबरलेले असून चालणार नाही.

लहान मुलाचा कणा रबरासारखा असतो. सांध्यांचे बंध सैल, मणक्यांच्या मागचे सांधे आडवे, मणके अजून अर्धे कूर्चेचे. जोराचा मार बसला की कणा ताणला जातो आणि परत जागेवर येतो, हाड मोडत नाही. आत असलेल्या मज्जारज्जूला तेवढं ताणणं सोसत नाही. शवविच्छेदनाच्या जुन्या अभ्यासांत दिसलं आहे की नवजात बाळाचा कणा सुमारे ५ सेंटीमीटर ताणला तरी टिकतो, मज्जारज्जू मात्र एका सेंटीमीटरच्याही आत तुटतो. १९८२ मध्ये पँग आणि विल्बर्गर या डॉक्टरांनी अशा मुलांची नोंद एकत्र मांडली आणि त्या प्रकाराला ‘सायवोरा’ हे नाव पडलं: एक्स-रेमध्ये काही न दिसता झालेली मज्जारज्जूची इजा. त्यांच्याकडच्या बऱ्याच मुलांना लगेच काहीच झालं नव्हतं. काही मिनिटांनी, काही तासांनी, कुणाला तर ४ दिवसांनी पाय गेले. घाव पडतानाच बसलेला असतो. सूज आणि रक्तपुरवठ्यातला बिघाड नंतर वाढत जातो. तुमच्या घरात घडलं ते असंच.

इथे इतर पालकांसाठी एक गोष्ट मध्येच सांगतो. चीनमधल्या डॉक्टरांनी गेल्या काही वर्षांत वारंवार लिहिलं आहे की नाचाच्या क्लासमध्ये पाठ मागे वाकवून कमान करताना लहान मुलींना, बहुतेक ८ वर्षांच्या आतल्या, हीच इजा होते. मूल पडलेलंही नसतं. कमान करून उठते, पाठ दुखते म्हणते, पाय जड होतात आणि तासाभरात उभं राहता येत नाही. आपल्याकडे डान्स क्लास आणि जिम्नॅस्टिक्स दोन्ही वाढले आहेत. कमान, पडणं, अपघात, कशाहीनंतर मूल ‘पायात मुंग्या येतात, वीज चमकल्यासारखं होतं’ म्हणालं तर एक्स-रे चांगला आहे म्हणून घरी आणू नका. एमआरआय मागा.

स्टिरॉइडबद्दल. ज्या अभ्यासामुळे मिथाइलप्रेडनिसोलोनचे मोठे डोस जगभर सुरू झाले तो १९९० चा. त्यात १३ वर्षांच्या आतली मुलं घेतलीच नव्हती. तरीही पुढे वर्षानुवर्षं मुलांना ते दिलं गेलं, मोठ्यांच्या आकड्यांवर विसंबून. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या न्यूरोसर्जनांच्या संघटनांनी तर मोठ्यांनाही ते देऊ नये असं मार्गदर्शन केलं. तेव्हा तुमच्या मुलीला ते मिळालं नाही यात तिचं काही हुकलं असं मी मानत नाही. पण या गोष्टीतून आमच्या क्षेत्राची खरी अडचण कळते. मुलांमध्ये ही इजा मोठ्यांपेक्षा फार कमी, एका दवाखान्यात वर्षाकाठी मोजकीच मुलं, म्हणून अभ्यास मोठ्यांवर होतात आणि लागू मुलांना केले जातात. मूल म्हणजे लहान मापाचा मोठा माणूस नव्हे. मोठ्या माणसाची इजा झाली तशी राहते. मुलाचं शरीर इजेनंतर आणखी १०-१२ वर्षं वाढत राहतं, आणि पुढचे बहुतेक त्रास त्या वाढीतूनच येतात. मुलांबद्दल जे भरवशाचं ज्ञान आज आहे, त्यातलं पुष्कळसं अमेरिकेतल्या श्रायनर्स रुग्णालयांतून आलं. फिलाडेल्फिया, शिकागो आणि सॅक्रामेंटो इथं बेट्झ, व्होगेल, मल्केही या मंडळींनी तीच मुलं मोठी होईपर्यंत वर्षानुवर्षं तपासली.

त्यांच्या कामातली सर्वात महत्त्वाची गोष्ट पाठीच्या कण्याची आहे. वयात येतानाच्या वाढीच्या झपाट्याआधी इजा झालेल्या मुलांपैकी ९७ टक्क्यांना पुढे कण्याला बाक आला, असं त्यांच्या १९९० च्या पाहणीत दिसलं. हा झपाटा संपल्यावर ज्यांना इजा झाली त्यांच्यात हे प्रमाण साधारण निम्मं होतं. म्हणजे तुमच्या मुलीच्या बाबतीत ‘बाक येईल का’ हा प्रश्न नाही, ‘किती आणि कधी’ हा आहे. धडाचे स्नायू लुळे, वर डोक्याचं वजन, खाली खुर्चीत एका बाजूला कललेली बैठक, आणि हाड वाढतंय. रोप एका बाजूला बांधलं तर जसं वाढेल, तसंच. बाक वाढला की ओटीपोट तिरकं होतं, एकाच बाजूच्या नितंबावर सगळा भार येऊन तिथं जखम होते, फुप्फुसाला जागा कमी पडते, आणि बसून दोन्ही हात वापरता येत नाहीत कारण एक हात टेकायला लागतो.

म्हणून दर ६ महिन्यांनी बसवून एक्स-रे. झोपवून काढलेला चालत नाही, त्यात बाक लपतो. २००४ मध्ये याच मंडळींनी पट्ट्याचा, म्हणजे धडाच्या ब्रेसचा, हिशेब मांडला. बाक १० अंशांच्याही आत असताना ज्यांना पट्टा दिला त्यांच्यात शस्त्रक्रिया कमी लागल्या आणि लागल्या त्या उशिरा. बाक बराच वाढल्यावर पट्ट्याचा फायदा कमी होत गेला. हा जुन्या नोंदी चाळून केलेला अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला नाही, त्यामुळे त्याला अंतिम शब्द मी म्हणणार नाही. पण माझा स्वतःचा कल स्पष्ट आहे: बाक दिसायला लागण्याची वाट बघू नये. पट्ट्याचे त्रासही खरे आहेत. उन्हाळ्यात आत घाम साचतो, कातडी सोलते, पुढे वाकून स्वतः कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घालायला अडथळा होतो. पट्टा काढल्यावर लाल वण अर्ध्या तासात गेला नाही तर तो पट्टा बनवणाऱ्याकडे परत न्यायचा, मुलीला ‘सवय होईल’ म्हणायचं नाही. दर वर्षी तो आखूड होतो, हे खर्चात धरून ठेवा.

खुब्याचंही असंच आहे. १० वर्षांच्या आत इजा झालेल्या बहुतेक मुलांचा खुबा हळूहळू खोबणीतून सरकतो. त्याच एक्स-रेच्या दिवशी कमरेचाही एक काढून घ्या.

आता लघवी. घरच्यांना पायांची काळजी सर्वात जास्त असते; मला मूत्रपिंडांची असते. तुमच्या पत्रात ‘डायपर लावतो, भिजलं की बदलतो’ एवढंच आहे, आणि ते वाचून मी थांबलो. डायपर भिजतो म्हणजे मूत्राशय रिकामं होतं असं नाही. ते भरून, आत दाब वाढून, वरून सांडत असतं. १९८१ मध्ये मॅग्वायर यांनी जन्मतः कण्यात दोष असलेल्या ४२ मुलांचा मूत्राशयातला दाब मोजला आणि दाखवून दिलं की गळती ४० सेंटीमीटर पाण्याच्या दाबावर किंवा त्याच्या वर सुरू होत असेल तर वरच्या नळ्या आणि मूत्रपिंडं खराब होतात. हे नुकसान दुखत नाही. ताप आला, सोनोग्राफी केली, तेव्हा मूत्रपिंड फुगलेलं सापडतं.

उपाय जुना आणि स्वस्त आहे. १९७२ मध्ये मिशिगनच्या लॅपिडिस यांनी सांगितलं की दिवसातून ठरावीक वेळा साध्या स्वच्छ हातांनी कॅथेटर घालून मूत्राशय रिकामं करा. निर्जंतुक हातमोजे-ट्रे लागत नाहीत. तेव्हा लोकांना धक्का बसला होता. त्यांचं म्हणणं होतं की जंतूंपेक्षा ताणलेलं मूत्राशय जास्त घातक असतं, आणि ते खरं ठरलं. आम्ही याला सीआयसी म्हणतो. हिशेब असा: वयात २ मिळवा, ३० नं गुणा. तुमच्या मुलीचं मूत्राशय साधारण २४० मिलिलिटरचं. दर ३ ते ४ तासांनी कॅथेटर, आणि प्रत्येक वेळी मोजून वहीत लिहायचं. २४० च्या वर वारंवार येत असेल तर वेळ जवळ आणा किंवा पाणी दिवसभर सारखं वाटून द्या. पाणी कमी करू नका. शाळेत लघवी नको म्हणून मुलांना तहानलेलं ठेवलेलं मी पाहिलं आहे, त्यांना खडे होतात. ५ ते ७ वर्षांच्या दरम्यान मुली आरसा ठेवून स्वतः शिकतात, डी-४च्या पातळीला हात चांगले असतात. पुढे ते अवघड गेलं तर अपेंडिक्सची नळी करून बेंबीतून कॅथेटर घालण्याची शस्त्रक्रिया आहे, मित्रोफानॉफ यांनी १९८० मध्ये सांगितलेली. पण आधी मूत्राशयातला दाब मोजणारी युरोडायनॅमिक तपासणी करून घ्या, याच महिन्यात. आणि रबराचं लॅटेक्स टाळा, हातमोजे, कॅथेटर, फुगेसुद्धा. वारंवार संपर्कानं या मुलांना त्याची ॲलर्जी जडते आणि ती शस्त्रक्रियेच्या टेबलावर जिवावर बेतू शकते.

दाब कमी करायला ऑक्सिब्युटिनिन देतात. त्यानं घाम कमी येतो. तुमच्या मुलीच्या शरीराला इजेच्या खाली आधीच घाम नीट येत नाही. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात तिचं अंग तापलं तर तो प्रत्येक वेळी संसर्गाचा ताप नसतो. ओलं फडकं, पंखा, सावली, आणि तासाभरानं पुन्हा थर्मामीटर. उतरला नाही तर डॉक्टर.

यापुढचं मात्र घरातल्या प्रत्येकानं पाठ करावं. डी-६ किंवा त्याच्या वर इजा असली की इजेच्या खालची एखादी त्रासदायक गोष्ट (भरलेलं मूत्राशय, कडक शौच, रुतलेलं नख, चिमटा बसलेला पट्टा) शरीराला वरून आवरता येत नाही आणि रक्तदाब एकदम चढतो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. मोठा माणूस ‘डोकं फुटतंय’ म्हणतो. ६ वर्षांची मुलगी चिडते, रडते, नाहीतर गप्प होऊन झोपाळते. चेहरा लाल, कपाळावर घाम, अंगावर काटा. आणि रक्तदाब मोजला तर वरचा आकडा ११०. कुठल्याही दवाखान्यात ‘नॉर्मल आहे’ म्हणतील. पण तिचा नेहमीचा ९० असेल तर ११० हा तिच्यासाठी चढलेला आहे. मुलांमध्ये नेहमीपेक्षा १५-२० नं वाढ पुरेशी धोक्याची. म्हणून ती शांत असताना, यंत्राच्या मुलांच्या मापाच्या दंडपट्ट्यानं, तीन वेगवेगळ्या दिवशी रक्तदाब मोजा आणि आकडा कार्डावर लिहून तिच्या खुर्चीला, दप्तराला, तुमच्या पाकिटात ठेवा. असं झालं की तिला झोपवायचं नाही. ताठ बसवा, पाय खाली सोडा, पट्टा-नाडी-बूट सैल करा, कॅथेटर घाला, मग शौच तपासा. उतरला नाही तर सरळ मोठं रुग्णालय, आणि कार्ड हातात.

एका मुलाच्या बाबतीत हा आकडा ‘नॉर्मल’ समजून त्याला दोन तास बाकावर आडवं ठेवलेलं होतं. रुग्णालयाचं नाव सांगून उपयोग नाही. तिथल्या डॉक्टरनं हे कधी पाहिलं नव्हतं एवढंच. त्याच्या आईकडे कार्ड असतं तर ते दोन तास गेले नसते. तेव्हापासून मी कार्ड स्वतः लिहून देतो.

कातडीबद्दल तुम्हाला रुग्णालयात सांगितलं असेल: कूस बदलणं, खुर्चीत दर १५-२० मिनिटांनी भार उचलणं, झोपताना आरशानं माकडहाड बघणं. त्यात एकच भर घालतो. शेक देऊ नका. गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक, वाळूची पुरचुंडी, शेकोटीजवळ बसवणं, सगळं बंद. तिला चटका कळत नाही. मी पाहिलेल्या सर्वात खोल जखमांपैकी काही बेडसोअर नव्हत्याच, त्या मायेनं दिलेल्या शेकाच्या होत्या. मांडी सुजली, गरम लागली आणि दुखत नाही म्हणते, तर संसर्ग समजून गोळ्या देत बसू नका, एक्स-रे काढा. भार न पडलेली हाडं ठिसूळ होतात आणि व्यायाम देताना, कपडे चढवतानाही गुडघ्याच्या वर मोडतात.

आता ‘कंप्लीट’ या शब्दाकडे येतो. एशिया ए, बी, सी ठरवण्याची तपासणी टाचणी आणि कापसानं होते, आणि मुलानं नेमकं उत्तर देण्यावर ती उभी आहे. मल्केही यांनी नेमका हाच प्रश्न अभ्यासला: अगदी लहान मुलांना ती करताच येत नाही, साधारण ६ वर्षांपासून ती भरवशाची होते. तुमच्या मुलीची ती अतिदक्षता विभागात, नळ्या लावलेल्या, आई बाहेर, अशा अवस्थेत झाली. मुलं घाबरली की गप्प बसतात, किंवा डॉक्टरकाकांना खूश करायला प्रत्येक वेळी ‘हो, कळलं’ म्हणतात. मी आधी टाचणी स्वतःच्या हाताला लावून दाखवतो, मग तिच्या गालाला, मग तिच्या बाहुलीला. डोळ्यांवर ओढणी टाकली की मध्येच एकदा काहीच टेकवत नाही आणि विचारतो, ‘आत्ता?’ तेव्हा ‘नाही’ आलं, तरच पुढच्या उत्तरांवर विश्वास ठेवतो. गुदद्वाराजवळची जाणीव आणि आकुंचन तपासल्याशिवाय ‘कंप्लीट’ लिहायचं नसतं. ही तपासणी आता, शांतपणे, पुन्हा व्हायला हवी. मी आशा दाखवत नाही. ८ महिन्यांनी ती ‘ए’च राहण्याची शक्यता जास्त आहे. पण जाणिवेचा एखादा ठिपका राहिला असेल तर व्यायामाची दिशा बदलते.

कारण अपूर्ण इजेत काय होऊ शकतं याची एक नोंद माझ्या मनात कायम असते. २००८ मध्ये बेहरमन यांनी साडेचार वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहिलं. मानेची, गंभीर पण अपूर्ण इजा, १६ महिने झालेले, चालत नव्हता. ट्रेडमिलवर वजन उचलून धरत ७६ सत्रं झाली. तो चाकाचा वॉकर धरून पावलं टाकू लागला, आणि नवल म्हणजे पायांच्या स्नायूंच्या ताकदीचे गुण होते तेवढेच राहिले. २०२१ मध्ये ८ मुलांच्या पाठीवर कातडीवरून सौम्य विद्युत उत्तेजन देऊन पाहिलं. ते चालू असताना मुलं जास्त ताठ बसली आणि त्यांना ते सोसलं. एक मूल आणि ८ मुलं. संशोधनाची दिशा म्हणून हे मोलाचं आहे. यावरून गावोगावी मशीन विकणाऱ्यांना यातला आधार घेता येत नाही.

स्टेम सेल. देऊ नका. जमीन विकू नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. बाहेर पैसे घेऊन करणं हा गैरव्यवहार आहे. ‘आमची चाचणीच आहे’ असं म्हणाले तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला नोंदणी क्रमांक मागा. ही नोंद २००९ पासून सक्तीची आहे आणि कुणालाही फुकट बघता येते. त्यात मुलांचं वय बसतं का, कोणत्या नीतिसमितीनं मान्यता दिली, अपाय झाला तर उपचार आणि भरपाई कोण देणार, हे विचारा. ज्यावर प्रयोग करायचा त्याच्याकडूनच दीड लाख मागत असतील तर तिथून उठा. आणि ७ वर्षं पूर्ण झाली की नियमानं मुलीला तिच्या भाषेत समजावून तिचा तोंडी होकारही घ्यावा लागतो. ती नको म्हणाली तर ते मोजलं जातं.

‘फायदा नाही तर तोटा तरी काय’ असं कुणी म्हणेल. १८ व्या वर्षी पाठीची इजा झालेल्या एका तरुणीच्या मज्जारज्जूत पुढे परदेशात नाकातल्या आवरणाच्या पेशी घातल्या. ८ वर्षांनी पाठ दुखू लागली, शस्त्रक्रियेत मज्जारज्जूवर त्याच पेशींची गाठ निघाली, आत शेंबडासारखा द्रव. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तुमच्या मुलीपुढे ८ वर्षं नाहीत, ६०-७० आहेत.

त्या पैशांतलं थोडं इथे घाला: तिच्या मापाची खुर्ची आणि चांगली उशी, पट्टा, कॅथेटर, उभं राहण्याचं स्टँड, दारातला उतार, शाळेतलं शौचालय. अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढा. २०१६ च्या कायद्याच्या ३१ व्या कलमानं ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जूनमध्ये तिला पहिलीत बसवा, ‘बरी झाल्यावर’ नको. श्रायनर्सच्या अभ्यासकांनी लहानपणी इजा झालेल्या मुलांना मोठेपणी गाठून विचारलं, आयुष्य कसं वाटतं. समाधानाचं नातं शिक्षण, काम, बाहेर पडता येणं आणि कमी आजारपणं यांच्याशी दिसलं. इजा किती वरची, याच्याशी नाही.

राहिला तिचा प्रश्न. ‘लवकरच’ असं म्हणू नका; मुलं तारखा लक्षात ठेवतात. मी असं सांगतो: ‘पाठीत एक दोरी असते, ती डोक्याचा निरोप पायांना देते. तुझी दोरी पडल्यावर दुखावली. ती जोडायचं औषध अजून कुणाला सापडलेलं नाही, डॉक्टर शोधतायत. तुझी काही चूक नव्हती.’ एवढ्यावर थांबतो. बहुतेक मुलं थोडा वेळ गप्प बसतात आणि मग पुढचं विचारतात, जे त्यांना खरंच हवं असतं. एका मुलीनं विचारलं होतं, ‘मग मी झोक्यावर बसू शकते का?’ पाठीला टेका आणि छातीला पट्टा असलेला झोका आम्ही त्याच आठवड्यात बांधून घेतला.